पाच स्टार दिले ते पेरणीच्या दिवशी

मा. संपादक, स.न.वि.वि.

पत्र जरा लांबलंय, कापायचं असेल तर कापा, पण माझं नाव मात्र छापू नका, कारण पोरगी अजून पुण्यातच शिकतेय आणि ज्या हॉस्टेलबद्दल लिहितोय ते तिच्या आत्ताच्या रूमपासून चालत दहा मिनिटांवर आहे. हॉस्टेलचं नावही मी लिहिणार नाही. मला भांडण करायचं नाहीये, मला माझी एक चूक सांगायचीय.

माझं अहमदपूरला कृषी सेवा केंद्र आहे. यंदा पेरणीच्या गडबडीत शिरूर ताजबंदकडचे एक ओळखीचे शेतकरी सोयाबीनच्या बॅगा न्यायला आले, त्यांच्या मुलीची सीईटी झालीय, पुण्याला इंजिनिअरिंगला टाकायचंय. बिल होईपर्यंत त्यांनी मोबाईल काढला आणि म्हणाले, भाऊ, हे हॉस्टेल बघा बरं, साडेचारच्या वर स्टार आहेत, शिवाय तुमचाबी रिव्ह्यू आहे की ह्यात, म्हणून म्हटलं डोळे झाकून घ्यावं. मी चष्मा लावून बघितलं तर खरंच माझं नाव, माझा फोटो (भाचीच्या लग्नातला, फेटा बांधलेला), आणि खाली "खूप छान हॉस्टेल, जेवण उत्तम, मुलींसाठी सुरक्षित" आणि पाच स्टार. दोन वर्षं झाली, मी साफ विसरून गेलो होतो. आणि ह्याच हॉस्टेलमधून पोरगी नऊ महिन्यांत रडत बाहेर पडली होती.

आता तो रिव्ह्यू मी कधी टाकला ते सांगतो. ऑगस्ट 2024, कॅप राउंडमध्ये (इंजिनिअरिंगच्या सरकारी प्रवेश फेरीत) पोरीचा नंबर लागला, कॉलेज नऱ्हे-आंबेगावच्या बाजूचं. ज्यांना पुणे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा भाग कात्रजकडून येणाऱ्या बायपासला लागून आहे, नवले पूल, भूमकर चौक, सेल्फी पॉइंट ही तिथली नावं. आंबेगाव महापालिकेत 2017 ला आलं, नऱ्हे 2021 ला 23 गावांबरोबर आलं, म्हणजे कर महापालिकेचा आणि पाणी अजून बऱ्याच ठिकाणी टँकरचं, असा कारभार. पण हे मला तेव्हा कुठे माहीत! रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालो, सकाळी पोचलो, कॉलेजात कागदपत्रं, फी, लाईन, दुपारचे तीन वाजले, आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं होतं कारण दुकान भावाच्या भरवशावर. अशा घाईत तीन हॉस्टेल बघितली, तिसऱ्याचा जिना पुसलेला होता, ऑफिसात एसी होता, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, झालं. 20,000 डिपॉझिट भरलं आणि तिथला मॅनेजर म्हणाला, काका, गुगलवर एक रिव्ह्यू टाका ना, गादी-उशी आमच्याकडून फ्री. मी तिथंच जिन्यात उभं राहून त्यानेच सांगितलेली वाक्यं टाईप केली. पोरीने त्या हॉस्टेलमध्ये अजून एक ग्लास पाणीसुद्धा पिलेलं नव्हतं. म्हणजे जेवण उत्तम हे मी कशाच्या जोरावर लिहिलं? गादीच्या.

मी बियाणं विकणारा माणूस आहे, मला तरी हे कळायला पाहिजे होतं. आमच्याकडे पेरणीच्या दिवशी प्रत्येक बॅग चांगलीच असते, पिशवीवर चित्रसुद्धा कसलं भारी असतं, शेंगांनी लगडलेलं. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून मराठवाडाभर बोंब झाली, तेव्हापासून आमचा शेतकरी दुकानदाराला विचारत नाही, पिशवी वाचत नाही, तो शेजारच्या गावात ज्याने गेल्या साली तेच वाण लावलं होतं त्याला विचारतो की किती उतारा पडला, आणि ते पण काढणी झाल्यावर. पेरणीच्या दिवशीच्या कौतुकाला कुणी किंमत देत नाही. हॉस्टेलचे निम्मेअधिक रिव्ह्यू हे पेरणीच्या दिवशीचे असतात बघा. तुम्ही कुठलंही हॉस्टेल उघडा आणि रिव्ह्यूच्या तारखा बघा, जुलै ते सप्टेंबर नुसता पाऊस, सगळे पाच स्टार, सगळे दोन ओळींचे, आणि बऱ्याच जणांनी आयुष्यात तेवढा एकच रिव्ह्यू लिहिलेला. नंतर सगळं गप्प.

मग मधल्या काळात का कुणी लिहीत नाही? हे मला पोरीने सांगितलं. ती म्हणाली, पप्पा, डिपॉझिट त्यांच्याकडे आहे ना. बास, इतकंच. ज्याला खरं माहीत आहे, जी रोज तिथं आंघोळीला पाणी येतंय का बघतेय, जी मेसची पोळी खातेय, तिचे वीस हजार मालकाच्या खिशात आहेत आणि ती त्याच्याच छपराखाली झोपतेय, ती काय लिहिणार? म्हणजे लिहिणार दोघंच, एक नवीन आलेला ज्याला काही माहीत नाही आणि दुसरा सोडून गेलेला जो चिडलेला आहे. आणि सोडून गेलेल्याचीही गंमत सांगतो पुढे.

आधी तिथं काय झालं ते थोडक्यात. पहिले दोन महिने बरे गेले. तीन मुलींची रूम होती तिथं दिवाळीनंतर चौथी कॉट आली, भाडं तेवढंच. वॉशिंग मशीन "दुरुस्तीला". मग जानेवारी 2025, जीबीएसची (गिलियन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आठवत असेल सगळ्यांना, सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी ह्या भागात संशयित धरून दोनशेच्या वर रुग्ण झाले, हातापायातली ताकद जाते, काही जण व्हेंटिलेटरवर गेले, आणि बोट सगळं पाण्याकडे होतं. हा सगळा भाग नऱ्ह्याला लागूनच. इकडे आम्ही टीव्हीवर बघतोय, आणि पोरगी फोनवर सांगतेय की फिल्टरचा लाल दिवा महिन्यापासून लागलेला आहे आणि खालच्या टाकीत टँकर कुठून येतो ते वॉचमनलाही माहीत नाही. माझी बायको तेव्हा आठ दिवस नीट झोपली नाही. मी मालकाला फोन केला तर म्हणे, काका, इतक्या मुली पितात, कुणाला काही झालंय का. पोरीने पाण्याचे वीस लिटरचे जार विकत घेणं सुरू केलं, वर्गणी काढून. काही झालं नाही, देवाची कृपा, हॉस्टेलची नाही.

नंतर निवांत बसून मी ते रिव्ह्यू नव्याने वाचले, तारखेच्या क्रमाने लावून. त्या जानेवारी-फेब्रुवारीत पाण्याबद्दल तीन मुलींनी लिहिलं होतं, एक स्टार, फोटोसकट. आणि मार्च उजाडताच पंधरा दिवसांत पंचवीस-तीस पाच स्टार, "बेस्ट पीजी", "नाईस फूड", "ओनर इज व्हेरी हेल्पफुल". मार्चमध्ये कुठल्या ॲडमिशन असतात हो? ते तीन रिव्ह्यू खाली दबले ते दबलेच. शिवाय प्रत्येकाखाली मालकाचं एकच चिकटवलेलं उत्तर, "आपण आमच्याकडे राहिल्याची नोंद नाही."

मे 2025 मध्ये परीक्षा झाली, रूम सोडली. एक महिना आधी नोटीस दिली होती, व्हॉट्सॲपवर, त्याच्या दोन निळ्या टिका पण आहेत. डिपॉझिट पंधरा दिवसांत देतो म्हणाले. दीड महिना झाला. मग पोरगी वैतागली आणि तिने सगळं खरं खरं लिहिलं, पाणी, चौथी कॉट, जेवण, डिपॉझिट, दोन स्टार दिले (एक सुद्धा नाही, दोन, कारण स्वयंपाकाच्या मावशी चांगल्या होत्या म्हणे). दुसऱ्या दिवशी मला फोन. काका, ताईने रिव्ह्यू टाकलाय तेवढा काढायला सांगा, मग हिशोब करून टाकू. आणि मी काढायला लावला. पोरगी नको म्हणत होती, मी ओरडलो तिच्यावर, म्हटलं समाजसेवा नंतर कर आधी पैसे येऊ दे. दोन दिवसांत 14,500 आले, बाकीचे रंगकाम आणि क्लीनिंगचे कापले. रंगकाम! नऊ महिन्यांत चार पोरींनी मिळून भिंती खाल्ल्या होत्या काय!

तर संपादक साहेब, त्या पानावर माझे खोटे पाच स्टार राहिले आणि पोरीचे खरे दोन स्टार मी स्वतःच्या हाताने पुसले, आणि वर्षभराने माझ्याच दुकानात माझंच गिऱ्हाईक तेच दाखवून मला विचारतंय की घेऊ का. सोडून गेलेल्याची गंमत म्हटलं ती ही. कडू रिव्ह्यू सुद्धा डिपॉझिटच्या भावात विकले जातात, मग तिथं उरतं काय?

आता रिव्ह्यू बघूच नयेत का, तर तसं नाही म्हणत मी. पण स्टार बघू नका. सगळ्यात कमी स्टारवाले आधी लावून वाचा, मग नवीन आधी लावून वाचा, आणि रिव्ह्यूत शोधायची सोय असते तिथं "पाणी", "टँकर", "डिपॉझिट", "वॉर्डन" असे शब्द टाकून बघा. एक स्टारवाले सगळे साधू असतात असंही नाही, एका पोराने कुठल्याशा बॉईज हॉस्टेलबद्दल आगपाखड केलेली वाचली, तर त्याच्याच रूममेटने खाली लिहिलं होतं की हा रात्री दोनला दारू पिऊन यायचा. मला स्वतःला तीन स्टारवाले सगळ्यात भरवशाचे वाटतात, त्यांना कुणी गादी दिलेली नसते आणि कुणी हाकललेलंही नसतं. ते लिहितात की जेवण ठीक, रविवारी रात्री मेस बंद, उन्हाळ्यात पाणी एक वेळ, खिडकी हायवेकडे असेल तर झोप नाही. असल्या एका वाक्यातून जे कळतं ते दोनशे "नाईस प्लेस" मधून कळत नाही. आणि दोन वेगवेगळ्या सालच्या लोकांनी, एकमेकांना न ओळखता, एकच तक्रार केली असेल तर ती खरी समजा.

सरकारने ह्यात काहीच केलं नाही असंही नाही. बीआयएसने (भारतीय मानक ब्यूरो) नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाईन रिव्ह्यूसाठी एक मानक काढलंय, आयएस 19000:2022, पैसे किंवा आमिष देऊन रिव्ह्यू लिहून घेऊ नयेत वगैरे सगळं त्यात आहे, पण ते पाळणं ऐच्छिक आहे. ऐच्छिक म्हणजे आमच्या भाषेत, झालं तर झालं.

दुसरं मला भाच्याने समजावून सांगितलं, तो लातूरला वकिली करतो. मी त्याला म्हटलं पीजीचा (पेइंग गेस्टचा) करार बघ, तर म्हणाला मामा हा करार नाहीच, ही नियमावली आहे, ह्यात फक्त तुमच्या पोरीने काय करायचं नाही ते लिहिलंय. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात पेइंग गेस्ट म्हणजे मालक स्वतः जिथं राहतो त्याच घरातला भाग वापरायला दिलेला माणूस. म्हणजे शंभर कॉटच्या बिल्डिंगवर पीजीची पाटी लावली तरी कायद्याने ती पीजी होत नाही. आणि हॉस्टेल किंवा लॉजमध्ये राहणाऱ्याला तर लायसन्सीच्या (लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याच्या) व्याख्येतूनच वगळलंय. उलट दोन-तीन मुलींनी मिळून साधा फ्लॅट घेतला, 11 महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स केला, तर कलम 55 प्रमाणे तो लेखी आणि रजिस्टर पाहिजे, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची. न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, शिवाय कागदच नसेल तर अटी काय ठरल्या होत्या ह्यात राहणाऱ्याचं म्हणणं आधी खरं धरतात. हे वाचून मी भाच्याला म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंस. तर म्हणाला, तुम्ही विचारलं कधी, तुम्ही तर गादी घेऊन आलात.

पण हॉस्टेलवालाही अगदीच मोकळा सुटत नाही. पैसे घेऊन सेवा देतो म्हणजे आपण ग्राहक झालो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे पुण्याला हेलपाटे नाहीत, मला लातुरात करता आली असती, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी पण नाही. आधी ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन करून बघता येतं. साडेपाच हजारासाठी कोण करतं म्हणा. मालकांना नेमकं हेच माहीत असतं.

अजून एक, जीएसटी. आमच्याकडून पहिल्या महिन्यात भाड्यावर जीएसटी म्हणून वेगळे पैसे घेतले होते. माणशी महिना 20,000 पर्यंत भाडं आणि सलग 90 दिवस मुक्काम असेल तर जुलै 2024 पासून हॉस्टेलच्या भाड्यावर जीएसटी नाही, हे मला आमच्या दुकानाचे टॅक्सवाले बोलता बोलता म्हणाले म्हणून कळलं. मी बिल मागितलं तेव्हापासून तो जीएसटी आपोआप गायब झाला, बिल मात्र मिळालं नाही. पावती नाही, करार नाही. पोरीच्या एका रूममेटला समाजकल्याणच्या स्वाधार योजनेसाठी (पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000 मिळतात, गरिबाच्या लेकराला केवढा आधार!) भाड्याने राहते ह्याचा कागद पाहिजे होता, तो सुद्धा मालक देईना. ती बिचारी महिनाभर ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होती. असला रिव्ह्यू कुठं दिसतो का तुम्हाला?

आता पोरगी आंबेगाव बुद्रुकला आहे, अजून तीन मुलींबरोबर, जुन्या तीनमजली इमारतीत, मालक-मालकीण खालीच राहतात, काका बँकेतून रिटायर आहेत. ह्या घराला गुगलवर एकही स्टार नाही, कारण गुगलला ते माहीतच नाही. हे मिळालं कसं तर ह्यावेळी मी घाई केली नाही, दोन दिवस राहिलो. पोरीच्या कॉलेजच्या थर्ड इयरच्या मुलींना भेटलो, किराणावाल्याला विचारलं, आणि सगळ्यात कामाची माहिती दिली ती पाण्याचा टँकर चालवणाऱ्याने, चहाच्या टपरीवर. कुठल्या सोसायटीत उन्हाळ्यात दिवसाला किती गाड्या टाकतो हे त्याला तोंडपाठ होतं. रात्री साडेनऊला मुद्दाम त्या गल्लीत चालत जाऊन बघितलं की लाईट आहेत का, दुकानं किती वाजेपर्यंत उघडी असतात, कॉलेजपासून येताना बायपास ओलांडावा लागतो का. नवले पुलाच्या उतारावर काय होतं हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, नोव्हेंबर 2022 मध्ये तिथं एका ट्रकने कितीतरी गाड्या चेपल्या होत्या, त्यामुळं पाचशे रुपये भाडं जास्त पण रस्ता ओलांडायचा नाही, हे मी आधीच ठरवलं होतं.

सगळं गोड आहे असं नाही. मेस नाही, डबा लावलाय, तो कधी कधी आंबतो. ब्रोकरने एक महिन्याचं भाडं घेतलं. भांडी कोण घासणार ह्यावरून चौघींत अबोला होतो. पाहुणे आणायचे नाहीत, काका नऊनंतर गेटपाशी खुर्ची टाकून बसतात, पोरीला ते आवडत नाही, मला आवडतं. पण करार रजिस्टर आहे, त्यात डिपॉझिट किती दिवसांत परत द्यायचं आणि कशाचे कापायचे हे लिहून घेतलंय, रूमचा व्हिडिओ पहिल्या दिवशी काढून काकांनाच पाठवून ठेवलाय. काका हसले, म्हणाले तुम्ही दुधाने पोळलेले दिसता.

मालकांचीही बाजू असते, मी स्वतः दुकानदार आहे, उधारी बुडवून जाणारी गिऱ्हाईकं मला नवीन नाहीत, अर्ध्या वर्षात न सांगता पळणारी आणि फॅन वाकवून ठेवणारी पोरं असतात. म्हणून डिपॉझिट घ्या, जरूर घ्या. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच मर्यादा सुचवलीय, पण राज्याने तसा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. तोवर आपल्या वृत्तपत्रामार्फत माझं महापालिकेला आणि कॉलेजांना एकच मागणं आहे. महापालिकेने ह्या उपनगरांतल्या हॉस्टेलांची यादी लावावी, कोणाला फायरची परवानगी आहे, पाणी कुठून येतं, किती कॉटची मंजुरी आहे, एवढं तरी. आणि कॉलेजांनी पास होऊन जाणाऱ्या पोरांकडून जाताना एक कागद लिहून घ्यावा, कुठे राहिलात, डिपॉझिट परत मिळालं का, किती दिवसांनी, नाव लिहायची गरज नाही. तो कागद ॲडमिशनच्या टेबलावर ठेवावा. आम्ही लातूरच्या ट्यूशन एरियात पोरं ठेवतो तेव्हा मालक कुणाचा तरी मेव्हणा निघतो, शब्द टाकता येतो, पुण्यात आमचा मेव्हणा कोण?

त्या शेतकऱ्यांना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं, ते आणि त्यांची मुलगी आता कॅपची वाट बघतायत, खोली दोन दिवस राहून बघू म्हणाले. आणि त्या रात्री दुकान बंद करून मी माझा तो जुना रिव्ह्यू उघडला आणि दुरुस्त केला, पाचाचे दोन स्टार केले, पोरीने लिहिलेलं आठवेल तसं लिहिलं, आणि हे पण लिहिलं की आधीचे पाच स्टार मी गादीसाठी दिले होते. सकाळी मालकाचं उत्तर आलेलं होतं, "आपण आमच्याकडे राहिल्याची नोंद नाही." पोरीला दाखवलं तर ती हसत सुटली, म्हणाली पप्पा, आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला तो, तुम्ही कुठं राहिला होतात, मी राहिले होते.

आपला नियमित वाचक,
एक दुकानदार बाप, अहमदपूर, जि. लातूर